‘फिरायला जातोय’ असं सांगून स्कॅनला न्यावं का?

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत. जन्मतःच हृदयात टेट्रालॉजी ऑफ फॅलो हा दोष होता, सव्वा वर्षाची असताना ऑपरेशन झालं. आता ती शाळेत जाते, खेळते, फक्त जिना चढताना बरोबरच्या मुलांपेक्षा लवकर दमते. गेल्या महिन्यातल्या इकोत डाव्या फुप्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद वाटली, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांनी पुण्याला जाऊन लंग पर्फ्युजन स्कॅन, म्हणजे कुठल्या फुप्फुसाला किती रक्त पोचतं ते दाखवणारी तपासणी, करून आणायला सांगितलं. चिठ्ठीवर ‘न्यूक्लिअर मेडिसिन’ असं वाचल्यापासून घर ढवळून निघालंय. सासूबाई म्हणतात, शेजारच्या अण्णांना किरणांचा शेक दिला तेव्हा त्यांचे हाल बघितलेत, एवढ्याशा पोरीला शेक नको. दीर म्हणतात, त्यापेक्षा सीटी करून टाका, दोन मिनिटांचं काम. नवऱ्याचं म्हणणं, करायचं तर करू, पण पोरीला काही सांगायचं नाही. मागच्या वेळी रक्त घेताना तिला चौघांनी धरावं लागलं होतं. ‘कात्रजला प्राणी बघायला जातोय’ म्हणून न्यायचं आणि तिथं भूल देऊन उरकून घ्यायचं. धाकटी जाऊ पाच महिन्यांची गरोदर आहे आणि मुलगी रोज तिच्याच कुशीत झोपते, ती काळजी वेगळीच. आई लिहितात, ‘मला तिला फसवून न्यायला नको वाटतं. पण खरं सांगितलं आणि ती महिनाभर झोपलीच नाही तर? शिवाय मी पटकन रडते. सगळे म्हणतात, तू आत जाऊच नकोस. आता मलाही तसंच वाटायला लागलंय.’

उत्तर :

प्रिय ताई,

पत्रात प्रश्न पाच-सहा आहेत, पण ज्यावरून घरात खटके उडताहेत तो एकच : तिला सांगायचं की नाही. आणि या वादात दोन्ही बाजूंनी, तुम्हीसुद्धा, एक गोष्ट धरूनच चालला आहात. सांगितलं तर ती घाबरेल, नाही सांगितलं तर घाबरणार नाही. हे खरं आहे का, ते आधी बघू या.

मागच्या वेळी रक्त घ्यायच्या आधी तिला काय सांगितलं होतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. चौघांनी धरावं लागलं त्याअर्थी फारसं काही सांगितलं नसावं, असा माझा अंदाज. म्हणजे न सांगण्याचा प्रयोग तुमच्या घरात एकदा होऊन गेलाय, आणि त्याचं काय झालं ते तुम्हीच कळवलंय. सुई दुखते हे खरंच. पण मुलांच्या वॉर्डात समुपदेशन करताना मी पुन्हा पुन्हा पाहते, मुलं सुईबद्दल कमी बोलतात. ‘त्यांनी मला धरलं’, ‘आईपण बघत होती’ हे मात्र वर्षभरानंतरही सांगतात. आणि तुमच्या मुलीला आत्ता काहीच कळलेलं नाही असं समजू नका. आजी देवापुढे डोळे पुसते, ती खोलीत आली की मोठी माणसं बोलायची थांबतात. काहीतरी आहे आणि ते माझ्याबद्दल आहे, एवढं सहा वर्षांच्या मुलाला पुरेपूर कळतं. पुढचं चित्र ती मनानं रंगवते, आणि त्यात बहुधा पुन्हा ऑपरेशन असतं.

तुमच्या यजमानांचा हेतू मला अजिबात खोटा वाटत नाही. मुलीचे हाल बघवत नाहीत म्हणूनच ते असं म्हणतात. पण त्यांना एवढंच विचारा, पुढच्या वेळी काय सांगणार? या दोषाचं ऑपरेशन झालेल्या मुलांना हृदयरोगतज्ज्ञांकडे आयुष्यभर जावं लागतं. इको, ईसीजी, कधी एमआरआय, आणि ही वाहिनी खरंच अरुंद निघाली तर कॅथेटर घालून ती रुंद करणं. एकदा कात्रज सांगून दवाखान्यात नेलं, की त्यानंतर खरोखरच कात्रजला निघालात तरी ती पोर गाडीत बसायला तयार होणार नाही. एका सकाळच्या सोयीसाठी पुढच्या दहा वर्षांचा विश्वास खर्ची घालणं मला परवडणारं वाटत नाही.

पण सांगायच्या आधी मोठ्यांची भीती मिटली पाहिजे. ती वेगळी आहे, तिचा सुईशी संबंध नाही.

सासूबाईंपासून सुरुवात करू. अण्णांना दिला तो शेक म्हणजे गाठ जाळण्यासाठी मुद्दाम दिलेला, आठवडे-आठवडे चाललेला किरणांचा मोठा मारा. इथं जाळायचं काही नाही, चित्र काढायचं आहे. माणसाच्या रक्तात असतं त्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाचे अतिबारीक कण घेतात, त्यांना टेक्निशियम हा किरणोत्सारी पदार्थ जोडतात आणि हाताच्या शिरेतून थोडंसं देतात. ते रक्ताबरोबर हृदयातून फुप्फुसात जातात आणि तिथल्या सगळ्यात बारीक वाहिन्यांत थबकतात. जिकडे रक्त जास्त जातं तिकडे कण जास्त. बाहेरचा कॅमेरा ते मोजतो. ‘थबकतात’ वाचून धसका घेऊ नका. फुप्फुसातल्या हजार वाहिन्यांत एखाद-दुसरी काही तास अडते, मग कण विरघळून जातात. लहान मुलांना कणांची संख्याही मुद्दाम कमी ठेवतात.

आता रेडिएशन. आजींना हे तुम्हीच समजावून सांगा. कॅमेऱ्यातून किरण बाहेर पडत नाहीत. तो फक्त मुलीच्या अंगातून येणारे किरण टिपतो, म्हणून त्याच्याखाली जास्त वेळ झोपलं तरी डोस वाढत नाही. औषधाची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. सहा वर्षांच्या मुलाला या तपासणीत होणारा डोस साधारण एक मिलिसिव्हर्टच्या (किरणांचा डोस मोजायचं हे माप) आसपास असतो. माती, हवा, अन्न आणि आकाशातून आपल्या सगळ्यांना जे मिळत असतं त्याची जागतिक सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट आहे. धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. लहान मुलं किरणांना मोठ्यांपेक्षा जास्त संवेदनशील असतात, म्हणून विनाकारण एकही तपासणी करू नये. पण इथला धोका फार लहान आहे आणि विचारलेला प्रश्न मोठा आहे. हे काही नवं खूळही नाही. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये न्यूक्लिअर मेडिसिनचं काम १९६३ पासून चालू आहे.

यजमानांना आणखी एक खटकेल, ते आधीच सांगते. इंजेक्शन देणारी माणसं लगेच लांब जातात, काचेमागे उभी राहतात, छातीवर बिल्ला लावतात. ‘स्वतः पळतात आणि आमच्या पोरीला आत ठेवतात’ असं वाटतं. त्यांना हे काम रोज, दिवसभर, वर्षानुवर्षं करायचं असतं. बिल्ला त्यांचा साठत जाणारा डोस मोजण्यासाठी असतो. तुमचं तिथं एकदा येणं आणि त्यांचं रोजचं असणं, यात फरक आहे.

दिरांच्या सीटीचं काय? सूचना वेडगळ नाही, पण सीटी वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतं. वाहिनी कुठं आणि किती अरुंद आहे, तिचा आकार कसा आहे, ते सीटीत छान दिसतं. त्या अरुंदपणामुळे डाव्या फुप्फुसाला प्रत्यक्षात किती रक्त कमी पोचतंय, हे साध्या सीटीतून नेमकं कळत नाही. त्यासाठी हा स्कॅन. सीटीतही रेडिएशन आहेच, शिवाय वाहिन्या दिसायला शिरेतून कॉन्ट्रास्ट नावाचं औषध द्यावं लागतं, म्हणजे सुई चुकत नाही. एमआरआयमध्ये रेडिएशन नाही आणि रक्ताची वाटणीही मोजता येते, पण त्या बोगद्यात आवाज मोठा, वेळ जास्त, आणि या वयात बहुधा भूल लागते. यातलं काय करायचं ते घरातल्या मतदानानं ठरायचं नसतं. तज्ज्ञांना सरळ विचारा, ‘या स्कॅनचा निकाल अमुक आला तर तुम्ही काय कराल आणि तमुक आला तर काय?’ दोन्ही वेळा उत्तर एकच येत असेल, तर आत्ताच करायची गरज आहे का, हेही विचारा. असं विचारण्यात डॉक्टरांचा अवमान नाही. चांगल्या डॉक्टरांना हा प्रश्न आवडतो.

‘भूल देऊन उरकून घेऊ’ या सूचनेवर मी थोडी थांबणार आहे, कारण ती ऐकायला फार दयाळू वाटते. भूल द्यायची तर सुई आलीच. उपाशी ठेवणं आलं. सर्वसाधारण नियम म्हणजे सहा तास खाणं नाही आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. हृदयाचं ऑपरेशन झालेल्या मुलाला घरगुती पद्धतीनं झोपेचं सिरप पाजून चालत नाही, भूलतज्ज्ञ हवेत, नंतर ती पूर्ण जागी होईपर्यंत देखरेख हवी. आणि ज्यासाठी हे सगळं करायचं ते काय? एकेका बाजूनं काही मिनिटं, असं मिळून साधारण अर्धा तास पडून राहायचं. मोबाइलवर आवडतं कार्टून लावलं आणि आई हाताशी असली, तर सहा वर्षांची बरीच मुलं हे भुलेशिवाय पार पाडतात. तुमच्या मुलीला जमेल असं मला वाटतं, खात्री कोणीच देऊ शकत नाही. म्हणून नाही जमलं तर काय करायचं, ते विभागाला आधीच विचारून ठेवा. इंजेक्शनच्या आधी, नंतर नाही. एकदा औषध गेलं की फोटो त्याच दिवशी, वेळेत काढावेच लागतात, आणि ऐनवेळी भुलेचा विचार झाला तर सकाळी काय खाल्लं हा प्रश्न येतो. भूल नक्की द्यायची नसेल, तर या स्कॅनला उपाशीपोटी जायची एरवी गरज नसते. आपल्याकडे ‘दवाखान्याची तपासणी म्हणजे रिकाम्या पोटी’ असं ठरूनच गेलंय आणि पहाटे चारला उठवलेली, भुकेनं कावलेली मुलं अकरा वाजता मशीनसमोर येतात. फोन करून विचारा, परवानगी मिळाली तर पोटभर खाऊ घाला.

आता सांगायचं कसं ते बघू. महिनाभर आधी नको. या वयाला दोन दिवस आधी पुरे. विचार करायला वेळ मिळतो, कुढायला मिळत नाही. रात्री झोपताना सांगू नका, दुपारी, खेळता खेळता सांगा. शब्द तुमचे घ्या, पण साधारण असं :

‘परवा आपण पुण्याला दवाखान्यात जाणार आहोत. तुझ्या छातीत दोन फुप्फुसं आहेत ना, त्या दोघांना रक्त नीट मिळतंय का, ते एक मोठा कॅमेरा बघणार आहे. आधी हाताला एक सुई टोचतील. ती दुखेल, पण थोडाच वेळ. मग तिथं एक मऊ नळी राहील. औषध त्या नळीतून जाईल. मग तू झोपायचं आणि कॅमेरा तुझ्या अगदी जवळ येईल. तो दाबत नाही, टोचत नाही. फक्त हलायचं नाही.’

एवढं बोलून गप्प बसा. ती विचारेल. ‘ऑपरेशन आहे?’ उत्तर : ‘नाही. परवा ऑपरेशन नाही.’ कधीच नाही, असं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. ‘सुई नको’ म्हणेल. ‘मलाही नको वाटते. पण ती लागणार आहे. कुठल्या हाताला, ते तू सांग.’ तिला खरंखुरं ठरवता येईल असं काहीतरी तिच्या हातात द्या, म्हणजे कुठला हात, कुठलं कार्टून, बरोबर कुठली बाहुली. शीर सापडली नाही तर दुसऱ्यांदा टोचावं लागू शकतं, म्हणून ‘एकदाच’ असं शपथेवर सांगू नका, ‘नळी नीट बसली की परत टोचणार नाहीत’ असं म्हणा. ती रडली तर रडू द्या, हात तेवढा हलवू नये. रडणं आणि हलणं या दोन गोष्टी आपण मोठी माणसं उगाच एकत्र बांधतो.

कात्रजचं म्हणाल तर जरूर जा, पण क्रम खरा सांगून. आधी दवाखाना, मग अंगात जीव असेल तर कात्रज. ‘रडली नाहीस तर नेऊ’ ही अट मात्र घालू नका. ती रडेलच, आणि मग हरलेल्या तोंडानं घरी येईल.

आदल्या दोन संध्याकाळी पलंगावर स्टॅच्यू खेळा. ती उताणी, हात डोक्याच्या वर, तुम्ही मोबाइलवर पाच मिनिटं लावून बाजूला बसलेल्या. श्वास चालू, डोळे चालू, बाकी सगळं बंद. मग बाबांची पाळी. बाबा हरले पाहिजेत, हे मी वेगळं सांगायला नको.

वेळ घेताना तीन विनंत्या करा. पहिली म्हणजे सुई टोचायच्या तासभर आधी हाताला सुन्न करणारं मलम लावता येईल का. ते औषधाच्या दुकानात मिळतं, पण डॉक्टरांना विचारूनच लावायचं. दुसरी, नळी मशीनच्या खोलीत न बसवता बाहेर, तुमच्या मांडीवर बसवू द्याल का. ती तुमच्याकडे तोंड करून बसते, छातीला छाती, एक हात तुमच्या काखेखालून मागे सिस्टरकडे. तुम्ही तिला मिठी मारलेली असते आणि हात स्थिरही राहतो. चौघांनी धरण्यापेक्षा हे किती वेगळं आहे, ते करून बघाल तेव्हा कळेल. औषध देताना मात्र तिला उताणं झोपवतात, कारण उभ्या-बसल्या माणसाचं रक्त फुप्फुसाच्या खालच्या भागाकडे जास्त ओढलं जातं आणि चित्र तिरपं येतं. तिसरी विनंती, आत एक पालक थांबू शकेल ना.

हॉस्पिटल एखाद्या सरकारी योजनेत असेल तर हा खर्च त्यात बसतो का, ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, जायच्या आधीच विचारून घ्या.

जाताना ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, ताजा इको आणि अलीकडचा छातीचा एक्स-रे सोबत ठेवा. नसेल तर एक्स-रे बहुधा त्याच दिवशी काढतील. हृदयात एखादं छिद्र शिल्लक असेल, तर ते आवर्जून सांगा. अशा मुलांत काही कण फुप्फुसाला वळसा घालून थेट शरीरात जाऊ शकतात, म्हणून मात्रा ठरवताना ते माहीत असावं लागतं. आणि ज्या वाचकांच्या मुलांचं ग्लेन किंवा फॉन्टान ऑपरेशन झालंय, त्यांनी तर ते कार्ड विसरूच नये. त्यांच्यात हातातून दिलेलं औषध आणि पायातून दिलेलं औषध वेगवेगळ्या वाटेनं जाऊ शकतं, सुई कुठं टोचायची हेच त्यावर ठरतं.

वेळेवर पोचा. इथं उशीर झाला तर कंपाउंडरच्या कपाळावर आठ्या येऊन भागत नाही. टेक्निशियम दर सहा तासांनी निम्मं होतं, ते साठवता येत नाही. ज्यापासून टेक्निशियम तयार होतं ते मॉलिब्डेनम भरलेला, शिशात गुंडाळलेला एक जनरेटर विभागात असतो आणि त्यातून ते सकाळी काढून घेतात. तिथले लोक त्या जनरेटरला ‘काऊ’, म्हणजे गाय, आणि या कामाला ‘मिल्किंग’, म्हणजे दूध काढणं, म्हणतात. तुमच्या मुलीला ही गोष्ट आवडेल. मुद्दा असा, की तिच्या वजनाचा डोस ठरावीक वेळेसाठी तयार होतो. एसटी खंबाटकी घाटात अडकली तर लगेच फोन करा.

गळ्यातली चेन, ताईत, धातूचं बटण काढावं लागतं, कारण ते फोटोत छातीवर आडवं येतं. ताईत काढायला आजींचा जीव होणार नाही. तो पायात बांधा. कॅमेरा छातीचा आहे, पायाचं त्याला काही देणंघेणं नाही.

आत गेल्यावर दोन गोष्टींना मुलं दचकतात. एक, औषधाची सिरिंज. तिच्याभोवती धातूचं जाड आवरण असतं, त्यामुळे ती आहे त्याच्या तिप्पट दिसते. औषध आत थेंबभरच असतं. कण तळाशी बसू नयेत म्हणून देणारे ती हलक्या हातानं उलटीसुलटी करतात, मग नळीला जोडतात, तिला लांब श्वास घ्यायला सांगतात. औषध जाताना सहसा काही जाणवत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे कॅमेऱ्याच्या दोन पाट्या. पलंगाच्या वर एक, खाली एक. वरची हळूहळू छातीच्या अगदी जवळ येते, बोटभर अंतर राहतं, आणि मुलाला वाटतं ही आता दाबणार. तिथंच बहुतेक मुलं उठून बसतात. तुम्ही तुमचा तळवा मध्ये धरून तिला दाखवा, ‘बघ, इथं थांबते.’ त्याआधी खोलीतल्या ताईंची परवानगी घ्या, त्या देतील. एका बाजूचा फोटो झाला की पाट्या फिरतात, थांबतात, पुन्हा फिरतात. आवाज असलाच तर मोटारीची हलकी घरघर.

आता तुमचं रडणं. सगळ्यांनी मिळून ठरवलंय की तुम्ही आत जायचं नाही, आणि तुम्हीही ते मान्य करत चालला आहात. मला ते पटत नाही. मुलीला रडणारी आई चालते. आई पळून गेली, किंवा आईलाच सगळ्यांनी सावरत बसावं लागलं, तर तिला असुरक्षित वाटतं. डोळ्यात पाणी आलं तर लपवू नका, म्हणा, ‘मला काळजी वाटली म्हणून रडू आलं. तू छान झोपली आहेस, तशीच राहा.’ आणि कार्टून धरलेला हात हलू देऊ नका. सुई टोचताना बघवत नसेल तर तिच्या केसांत तोंड खुपसा, मांडीवर ती तुमच्याकडे तोंड करूनच बसलेली असते. एकाच परिस्थितीत मी तुम्हाला बाहेर थांबायला सांगेन. दिवस गेल्याची जराशी जरी शक्यता असेल, तर ते तिथं स्पष्ट सांगा आणि बाबांना आत पाठवा. म्हणून सगळा सराव बाबांनीही केलेला असू दे.

जाऊबाईंनी काळजी करावी अशी वेळ फार थोडी आहे. सहा तासांनी निम्मं, बारा तासांनी पाव, चोवीस तासांनी सोळावा हिस्सा, आणि बराचसा भाग लघवीवाटे जातो तो वेगळाच. त्या दिवशी भरपूर पाणी, सरबत द्या, वारंवार लघवीला पाठवा, हात साबणानं धुवा. ती रात्र मुलीला तुमच्याजवळ झोपवा, काकूच्या कुशीत दुसऱ्या दिवसापासून. वेगळं ताट, वेगळी खोली, आजोबांनी लांब बसणं, असलं काही करू नका. काकूजवळ आज का झोपायचं नाही, हेही मुलीला सांगा, नाहीतर तिला ती शिक्षा वाटेल. दुसऱ्या दिवशी शाळेत जायला हरकत नाही. जिथं तपासणी कराल तिथले लोक याबाबत लेखी सूचना देतील, त्यात वेगळं काही असेल तर तेच पाळा.

ज्या वाचकांच्या मुलाला वारंवार न्यूमोनिया होतो किंवा शेंगदाणा श्वासनलिकेत गेल्याचा संशय आहे, आणि ज्यांना छातीचं सीटी सांगितलंय, त्यांच्यासाठी थोडक्यात. तिथं मशीन प्रत्यक्ष काही सेकंदच चालतं, श्वास रोखायचा सराव घरी करून घ्या. कॉन्ट्रास्ट दिलं तर अंगातून एकदम गरम लाट जाते आणि आपल्याला लघवी झाली असं वाटतं. हे आधी सांगितलं नाही तर मूल लाजेनं रडतं आणि आपण समजतो, दुखलं. सांगायचं कसं आणि केव्हा, ते वर लिहिलंय तसंच.

शेवटी रिपोर्ट. फोटो काढणाऱ्यांच्या चेहऱ्यावरून काही वाचायचा प्रयत्न करू नका, ते तुम्हाला काही सांगणार नाहीत आणि त्यांनी सांगूही नये. रिपोर्टमध्ये दोन आकडे असतील, उजवं इतके टक्के, डावं इतके टक्के. निरोगी माणसातही ते निम्मे-निम्मे नसतात. हृदयाला जागा द्यायची म्हणून डावं फुप्फुस लहान असतं, त्याच्या वाट्याला साधारण ४५ टक्के रक्त येतं आणि उजव्याच्या ५५. समजा तुमच्या हातात ‘डावं ३०’ आलं. तर याचा अर्थ डावं फुप्फुस ३० टक्केच उरलं, असा नाही. हृदयातून फुप्फुसांकडे निघालेल्या रक्ताची ही वाटणी आहे. एकाचा वाटा घटला की दुसऱ्याचा आपोआप वाढलेला दिसतो. हा फरक घरी गेल्यावर पहिल्यांदा दिरांना समजावून सांगा, नाहीतर संध्याकाळपर्यंत नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘एक फुप्फुस निकामी’ असं पसरलेलं असेल.

रिपोर्ट घेऊन तज्ज्ञांकडे जाल तेव्हा मुलगी खुर्चीत बसलेली असेल आणि सगळं तिच्या डोक्यावरून बोललं जाईल. बोलणं संपल्यावर तिला कळेल असं एक वाक्य तिच्याशीही बोलायला डॉक्टरांना सांगा. आणि तुम्ही विचारायचं ते असं, की फुग्यानं वाहिनी रुंद करायची, स्टेंट घालायचा की थांबायचं. थांबायचं असेल, तर पुन्हा कधी बघायचं, आणि मधल्या काळात ती किती दमली तर ती तारीख येण्याआधीच फोन करायचा.